बापानं गाडीला गिअर दिला, पोरानं तो ड्रायव्हरच्या हातून काढून घेतला! दसऱ्याच्या मेबॅकमागचा माणूस

गडमुडशिंगी म्हणजे कोल्हापूरला खेटून असलेलं गाव. एका अंगाला उजळाईवाडीचा विमानतळ, दुसऱ्या अंगाला गोकुळ शिरगावची एमआयडीसी. गाड्यांचे सुटे भाग बनवणारे फाउंड्री आणि मशीन शॉप हाकेच्या अंतरावर. त्यामुळं इथं कुणी नवी गाडी घ्यायची म्हटली की सल्ला द्यायला माणसं कमी पडत नाहीत. आणि हल्ली सगळ्यात जास्त वाद कशावर होतो, तर मॅन्युअल घ्यायची का ऑटोमॅटिक.

एक पार्टी म्हणते, गिअर हातात नसेल तर ती कसली गाडी? गगनबावड्याचा घाट उतरताना सेकंड टाकून गाडी आवरायची असते, ते मशीनला काय कळतंय. दुसरी पार्टी म्हणते, सकाळ-संध्याकाळ ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून गुडघा गेला, आता बास. त्यात आता नव्या गाड्या चढावर आपोआप ब्रेक धरतात, लेन सोडली की स्टिअरिंग स्वतःच वळवतात. त्यामुळं वाद अजून तापलाय.

आता गंमत बघा. हा वाद निदान शंभर वर्षं जुना आहे. आणि त्याच्या मुळाशी असलेल्या माणसाचं आडनाव प्रत्येक कोल्हापूरकराला पाठ आहे. दसऱ्याला न्यू पॅलेसवरून छत्रपतींचं कुटुंब ज्या गाडीतून दसरा चौकात येतं, ती गाडी बघायला लोक माना उंच करून उभे असतात. ती मेबॅक. १९३६ सालची. राजाराम महाराजांच्या काळात जर्मनीहून आलेली.

गाडी सगळ्यांना माहिती आहे. ज्याचं नाव तिच्यावर आहे तो कार्ल मेबॅक मात्र फारसा कुणाला माहिती नाही. गिअर बदलायचं काम ड्रायव्हरच्या हातातून काढून घ्यायचं, या एका गोष्टीमागं त्यानं आयुष्यातली बरीच वर्षं घातली. आणि ज्या गिअरच्या दांड्याचा त्याला वैताग होता, तो दांडा गाडीत नीट बसवणारा होता त्याचाच बाप.

त्यामुळं गोष्ट बापापासून सुरू करावी लागते.

विल्हेल्म मेबॅक १८४६ साली जर्मनीतल्या हाइलब्रॉन गावात जन्मला. दहा वर्षांचा होईपर्यंत आई गेली आणि बापही गेला. रॉइटलिंगेन गावातल्या एका धर्मादाय संस्थेनं पोराला आसरा दिला. संस्थेचं स्वतःचं वर्कशॉप होतं, तिथं तो ड्रॉइंग काढायला आणि मशीनवर काम करायला शिकला. याच वर्कशॉपवर मॅनेजर म्हणून आला गॉटलिब डाइमलर. पोराचा हात बघून त्यानं त्याला जवळ केलं आणि मग डाइमलर जाईल तिकडं मेबॅक, असं पुढची कित्येक वर्षं चाललं.

दोघं कोलोनजवळच्या डॉइट्झच्या इंजिन कारखान्यात असताना, ६ जुलै १८७९ ला विल्हेल्मला मुलगा झाला. तोच कार्ल. तीन वर्षांनी डाइमलरचं मालकांशी बिनसलं. तो कानश्टाटला गेला, पाठोपाठ मेबॅकही गेला. तिथं डाइमलरच्या बंगल्याच्या बागेतल्या काचेच्या घरात दोघांनी छोटं, वेगात फिरणारं पेट्रोल इंजिन बनवलं. रात्रंदिवस ठोकाठोक ऐकून घरच्या माळ्याला वाटलं की मालक आत खोट्या नोटा छापतोय. पोलिसांनी येऊन झडती घेतली, असा किस्सा सांगतात. सापडलं काय, तर इंजिनाचे भाग. कार्ल मोठा झाला तो हे सगळं बघत.

१८८९ साली विल्हेल्मनं एक हलकी चारचाकी बनवली आणि पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली. तिच्यात दात्यांच्या चाकांचा चार स्पीडचा गिअरबॉक्स होता. त्या काळात बाकीच्या गाड्या पट्ट्यांवर चालायच्या, पिठाच्या गिरणीसारख्या.

पुढं १९०१ साली नीस शहरातल्या शर्यतींत ३५ हॉर्सपॉवरची पहिली मर्सिडीज उतरली आणि सगळ्यांना मागं टाकून गेली. ती डिझाइन केली होती विल्हेल्मनं. या गाडीत गिअरच्या दांड्याला खाचा पाडलेली पट्टी होती. आधीच्या बऱ्याच गाड्यांत दांडा एका सरळ रेषेत पुढं-मागं व्हायचा. चौथ्यावरून पहिल्यावर यायचं तर मधल्या सगळ्या गिअरमधून जावं लागायचं. खाचांमुळं पाहिजे त्या गिअरवर थेट जाता यायला लागलं. आज तुमच्या गाडीच्या गिअर नॉबवर जो नकाशा छापलेला असतो, त्याचा हा खापरपणजोबा.

पण दांडा नीट बसला म्हणून गिअर बदलणं सोपं झालं असं समजू नका. तेव्हाच्या गिअरबॉक्समध्ये वेगवेगळ्या स्पीडनं फिरणारी दोन दात्यांची चाकं सरळ एकमेकांत घुसवायची असत. जरा चुकलं की करकर आवाज, आणि जास्त चुकलं की दात तुटलेच. म्हणून क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचं, क्लच सोडायचा, अंदाजानं रेस द्यायची, परत क्लच दाबायचा आणि मग गिअर टाकायचा. जुन्या ट्रकवाल्यांना विचारा, डबल क्लच म्हणजे काय ते सांगतील. हे ज्याला जमायचं तो ड्रायव्हर, बाकीचे मागं बसायचे. गाडी चालवणं ही कलाच होती, आणि नाइलाजाची कला होती.

बापाचं पुढं वाईट झालं. १९०० साली डाइमलर वारला आणि कंपनीत विल्हेल्मचा मान कमी होत गेला. १९०७ साली तो बाहेर पडला. ज्या माणसानं मर्सिडीज बनवली, त्याला साठी ओलांडल्यावर स्वतःचं बिऱ्हाड उचलावं लागलं.

कार्ल तेव्हा तिशीच्या आत होता. इंजिनिअरिंगचं शिक्षण आणि कारखान्यातली उमेदवारी संपवून तो फ्रान्समध्ये इंजिन डिझाइनचं काम करत होता. बापाचं नाव मोठं, पण पोराचं असं काहीच नव्हतं.

ते काम आलं आभाळातून, तेही अपघातानं. ५ ऑगस्ट १९०८ ला काउंट झेपेलिनचं महाकाय हवाई जहाज एश्टरडिंगेनला वादळात सापडून जळालं. जर्मन लोकांना या जहाजाचा इतका अभिमान होता की त्यांनी वर्गणी काढून लाखो मार्क गोळा केले. विल्हेल्मनं संधी हेरली. त्यानं काउंटला पत्र लिहून कळवलं की जहाजासाठी भरवशाचं इंजिन हवं असेल तर माझ्या मुलाकडं त्याचं डिझाइन आहे. १९०९ साली झेपेलिनच्या पैशावर आणि मेबॅक बापलेकांच्या डोक्यावर नवी इंजिन कंपनी उभी राहिली. पोरगा तांत्रिक प्रमुख, बाप सल्लागार. थोड्या वर्षांत कारखाना बोडेन्झी तलावाच्या काठी फ्रीडरिक्सहाफेनला गेला आणि कार्लही कायमचा तिथला झाला.

हवाई जहाजाच्या इंजिनाची एक अट असते. ते बंद पडून चालत नाही, कारण खाली उतरून बॉनेट उघडायची सोय नसते. शिवाय ते एकाच वेगात तासन् तास, शांतपणे, दमदार चालावं लागतं. कार्लची सगळी जडणघडण या इंजिनांवर झाली. पहिल्या महायुद्धात त्याची इंजिनं झेपेलिनमध्ये आणि लढाऊ विमानांत बसली. ती युद्धाची इंजिनं होती आणि शहरांवर बॉम्ब टाकणाऱ्या जहाजांना ती उडवत होती, हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

जर्मनी युद्ध हरली. तहात विमानाची इंजिनं बनवायला बंदी आली. कारखाना आहे, कामगार आहेत, मशिनं आहेत, पण काम नाही. कार्लनं मोटारीचं इंजिन बनवलं. हॉलंडच्या स्पायकर कंपनीनं ते भरपूर घ्यायचं ठरवलं, पण तिचीच आर्थिक हालत खराब निघाली. इंजिनं पडून राहणार म्हटल्यावर कार्लनं ठरवलं, गाडीच आपण बनवू.

सप्टेंबर १९२१ मध्ये बर्लिनच्या मोटार प्रदर्शनात ती गाडी लोकांसमोर आली. नाव डब्ल्यू ३. सहा सिलिंडर, पावणेसहा लिटरच्या आसपासचं इंजिन, ७० हॉर्सपॉवर. चारही चाकांना ब्रेक, जे तेव्हा जर्मनीत नवं होतं. पण लोक आत डोकावून बघायचे ते वेगळ्याच कारणासाठी. गाडीत गिअरचा दांडाच नव्हता.

विचार साधा होता. इंजिनच इतकं मोठं आणि दमदार ठेवायचं की एकाच गिअरमध्ये गाडी चालीच्या वेगापासून शंभरीपर्यंत जाईल. फक्त मोठ्या चढासाठी एक खालचा गिअर, तोही पायानं दाबायचा. दोनच स्पीड, सगळं पायावर, हात स्टिअरिंगवर मोकळे. सायकलवर कळतं बघा, गिअरची सायकल असेल तर चढाला गिअर पाडावा लागतो, पण मांड्याच पैलवानाच्या असतील तर बिनगिअरच्या सायकलवरही माणूस चढ काढतो. कार्लनं गाडीला पैलवानाच्या मांड्या दिल्या.

म्हणजे बापानं वीस वर्षांपूर्वी जो दांडा खाचेत बसवला होता, तो पोरानं उपटूनच टाकला. बाप तेव्हा हयात होता. या विषयावर दोघांचं घरात काय बोलणं झालं असेल, याची नुसती कल्पना करायची.

डब्ल्यू ३ सात वर्षांत साधारण तीनशेच विकल्या गेल्या. ज्याला गाडी चालवता येत नाही त्यालाही सहज चालवता यावी अशी ती होती, पण किंमत अशी की ती परवडणाऱ्याच्या घरी बहुतेक वेळा पगारी ड्रायव्हर असायचाच. मला विचाराल तर कार्लच्या सगळ्या धडपडीत हीच मोठी विसंगती आहे. ज्याचा गुडघा दुखत होता, त्याच्यापर्यंत ती गाडी कधी पोचलीच नाही.

शिवाय मोठ्या इंजिनाचाही एक तोटा होता. सपाट रस्त्यावर वेगात जाताना ते उगाच जास्त फिरायचं, आवाज करायचं, पेट्रोल प्यायचं. जर्मनीत रस्ते सुधारत होते, लोकांना शंभरच्या पुढं जायचं होतं. तिथं गिअर पाहिजे होते. म्हणजे कार्लला आपलंच म्हणणं थोडं मागं घ्यावं लागलं. गिअर परत आणायचे, पण बदलायची कटकट आणायची नाही. हा प्रश्न त्यानं ज्या पद्धतीनं सोडवला, ती पद्धत समजून घेण्यासारखी आहे.

त्यानं दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे गिअरची चाकं कायम एकमेकांत अडकलेली ठेवली आणि फक्त त्यांना शाफ्टशी जोडणारं दात्यांचं कपलिंग बदलायचं ठेवलं. त्या दातांची टोकं तिरकी घासली. दोन्ही बाजूंचा वेग वेगळा असेल तोवर दात एकमेकांवरून नुसते घसरत राहतात. वेग सारखा झाला की त्याच क्षणी आपोआप आत बसतात. डबल क्लच करताना ड्रायव्हर कानानं जो अंदाज घ्यायचा, तो आता लोखंडाचा आकारच घ्यायला लागला.

दुसरी गोष्ट म्हणजे गिअर ढकलायला हाताची ताकद नको, इंजिनाची ओढ वापरायची. आपण ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो तेव्हा इंजिनात हवा जायची वाट जवळजवळ बंद होते, पण पिस्टन हवा ओढतच असतात. त्यामुळं आत पोकळी तयार होते, ज्याला व्हॅक्यूम म्हणतात. तुमच्या पेट्रोल गाडीचा ब्रेक पायाला हलका लागतो तो बहुधा याच ओढीमुळं. कार्लनं तिथून नळी काढून गिअरबॉक्सवरच्या छोट्या सिलिंडरला जोडली. पाय उचलला की सिलिंडरमधला पिस्टन ओढला जातो आणि कपलिंग सरकतं.

१९३० च्या आसपास या विचारातून जो गिअरबॉक्स तयार झाला, त्याचं जर्मन नाव डोपेलश्नेलगांग. स्टिअरिंगच्या मध्यभागी दोन छोट्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीच्या दोन जागा. दोन दुणे चार, म्हणजे चार गिअर. पाहिजे तो गिअर पट्टी सरकवून आधीच सांगून ठेवायचा. लगेच काही होत नाही. मग तुमच्या सोयीनं ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचा. गिअर बदलतो. परत पाय दाबायचा. क्लचला हातही लावायचा नाही, म्हणजे पाय. क्लच फक्त गाडी थांबलेली असताना हलवायला आणि रिव्हर्सला. इंग्लंडच्या लगोंडा कंपनीनंसुद्धा आपल्या एका गाडीसाठी मेबॅकचा गिअरबॉक्स घेतला.

यातली हुशारी बघा. गिअर बदलायला लागणारी ओढ नेमकी त्याच क्षणी तयार होते, ज्या क्षणी गिअर बदलायला इंजिन मोकळं असतं. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. कधी बदलायचा हा निर्णय ड्रायव्हरचा, आणि कसा बदलायचा हे काम मशीनचं.

याच काळात बाराशेपन्नास धंदे एकदम चालू होते असं वाटावं इतकी कार्लची इंजिनं सगळीकडं होती. १९२९ च्या ऑगस्टमध्ये ग्राफ झेपेलिन या हवाई जहाजानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, तिला मेबॅकची पाच इंजिनं होती. १९३३ साली बर्लिन ते हॅम्बुर्ग ताशी १६० किलोमीटर वेगानं धावणारी डिझेल रेल्वे सुरू झाली, तिच्यातही मेबॅक. ग्राफ झेपेलिनची प्रदक्षिणा बघून त्याच वर्षीच्या डिसेंबरात विल्हेल्म वारला. त्यानंतर थोड्याच दिवसांत आठ लिटरची, बारा सिलिंडरची, २०० हॉर्सपॉवरची मेबॅक झेपेलिन बाजारात आली.

१९३५-३६ मध्ये जरा लहान एसडब्ल्यू मालिका आली. साडेतीन आणि नंतर ३.८ लिटरचं इंजिन, १४० हॉर्सपॉवर. कारखाना फक्त चासी द्यायचा, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, चाकं आणि सांगाडा. वरची बॉडी गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणं दुसरीकडं, बहुतेक वेळा राफेन्सबुर्गच्या श्पोनकडं बनायची. त्यामुळं दोन मेबॅक सहसा सारख्या नसतात. १९३६ साली कारखान्यात हेच दोन प्रकार चालू होते आणि दोन्हींत गिअर बदलायचं काम व्हॅक्यूमकडं होतं.

कोल्हापूरला मेबॅक आली ती याच साली बनलेली. शाहू महाराजांच्या पश्चात १९२२ साली गादीवर आलेले राजाराम महाराज नव्या गोष्टींच्या बाजूचे होते. कोल्हापूर सिनेटोन त्यांच्याच काळातलं, हायकोर्ट त्यांच्याच काळातलं, आणि १९३९ साली सुरू झालेला विमानतळही त्यांनीच उभारलेला. त्याच विमानतळाच्या विस्तारासाठी अलीकडं गडमुडशिंगीची जमीन घेतली गेली, म्हणून त्या गावाला हे नाव वेगळ्या कारणानंही लक्षात आहे. ज्या संस्थानात बहुतेक लोकांची वाहनं म्हणजे बैलगाडी आणि टांगा होती, तिथं पाय उचलला की स्वतः गिअर बदलणारी गाडी उभी राहिली.

यापुढचा भाग मात्र कौतुकानं सांगण्यासारखा नाही.

हिटलरच्या जर्मनीनं रणगाडे बनवायला घेतले आणि त्यांच्या इंजिनांचं काम कार्लकडं गेलं. पँझर तीन, पँझर चार, पुढं पँथर आणि टायगर, सगळ्यांत मेबॅकचं इंजिन. कारखान्यात परदेशातून जबरदस्तीनं आणलेले मजूर राबवले गेले. कार्ल कंपनीचा प्रमुख होता, मोटारी बंद करून कारखाना पूर्ण युद्धाच्या कामाला लागला होता. त्याच राजवटीनं १९४० साली त्याचा सख्खा धाकटा भाऊ अडॉल्फ याला मारलं. अडॉल्फला मानसिक आजार होता, आयुष्यातली बरीच वर्षं तो इस्पितळात होता, आणि असे रुग्ण संपवायची सरकारी योजनाच होती. एका भावाची इंजिनं राजवटीचे रणगाडे ओढत होती आणि दुसरा भाऊ त्या राजवटीला नकोसा ओझं वाटत होता. कार्ल निव्वळ इंजिनिअर होता, त्याचा राजकारणाशी काय संबंध, असं म्हणणारे लोक आहेत. मला ते पटत नाही.

गिअरच्या वादाचा सगळ्यात मोठा निकालही याच युद्धात लागला, आणि तो मॅन्युअलच्या बाजूनं लागला. पँझर तीनच्या काही आवृत्त्यांत मेबॅकचा व्हेरिओरेक्स नावाचा गिअरबॉक्स बसवला होता. पुढचे दहा गिअर, आधी निवडायचे, बाकी काम व्हॅक्यूमचं. कागदावर भारी. पण चिखलात आणि धुळीत तो त्रास द्यायला लागला, आणि युद्धाच्या धामधुमीत एवढं किचकट मशीन दुरुस्त करणं म्हणजे डोक्याला ताप. पुढच्या आवृत्तीपासून सैन्यानं तो काढला आणि सरळ सहा गिअरचा हातानं बदलायचा गिअरबॉक्स बसवला. घाटात मॅन्युअलच पाहिजे म्हणणाऱ्या पार्टीनं हा मुद्दा जपून ठेवावा.

पण दुसऱ्या पार्टीचाही मुद्दा आहे. टायगर रणगाडा जवळपास ५७ टनांचा. एवढं धूड हातानं गिअर बदलत चालवायचं तर ड्रायव्हर तासाभरात गळून गेला असता. त्यात मेबॅकचा ऑलव्हार गिअरबॉक्स होता, आठ पुढचे गिअर, आणि ढकलायला व्हॅक्यूमऐवजी तेलाचा दाब. तो टिकला.

एप्रिल १९४४ मध्ये ब्रिटिश विमानांनी एका रात्रीत फ्रीडरिक्सहाफेन शहर जाळून टाकलं. लक्ष्य होतं रणगाड्यांची इंजिनं आणि गिअरबॉक्स बनवणारे कारखाने. युद्ध संपल्यावर तो भाग फ्रेंचांच्या ताब्यात आला. फ्रेंचांनी कार्लला आणि त्याच्या काही इंजिनिअरना फ्रान्समधल्या व्हेर्नों गावी नेऊन रणगाड्याच्या इंजिनाचं काम दिलं. तिथून तो १९५१ साली परत आला. कंपनी तोवर रेल्वेच्या डिझेल इंजिनांवर उभी राहत होती. मोटार मात्र परत कधीच बनली नाही. १९२१ पासून युद्धापर्यंत सगळ्या मिळून साधारण अठराशे मेबॅक बनल्या होत्या, तेवढ्याच. कोल्हापूरची त्यातली एक. तिचे मालक राजाराम महाराजही १९४० च्या नोव्हेंबरात मुंबईत वारले होते.

६ फेब्रुवारी १९६० ला कार्ल मेबॅक फ्रीडरिक्सहाफेनला वारला. वय ८०. त्याच वर्षी डाइमलर-बेंझनं कंपनी घेतली. ज्या घरातून १९०७ साली बापाला बाहेर पडावं लागलं होतं, त्याच घरात मेबॅकचं नाव परत गेलं.

आता त्या बॉक्सचं पुढं काय झालं? सरळ वारस म्हणाल तर मेलाच. अमेरिकेत जनरल मोटर्सनं १९३९ साली हायड्रामॅटिक आणला, त्यात क्लचच्या जागी तेल फिरणारं कपलिंग होतं आणि गिअर कधी बदलायचा हेही मशीनच ठरवायचं. जग त्या वाटेनं गेलं. कार्लची वाट, म्हणजे गिअरबॉक्स मॅन्युअलच ठेवायचा आणि फक्त हलवायचं काम दुसऱ्याकडं द्यायचं, ही बरीच वर्षं ओस पडली.

ती परत आपल्याकडं दिसली २०१४ साली, मारुती सेलेरिओमध्ये. एएमटी. आत नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स, नेहमीचाच क्लच, फक्त ते दाबायला आणि सरकवायला विजेवर चालणाऱ्या पंपाच्या तेलाचा दाब. स्वस्त पडतो, मायलेज मॅन्युअलच्या जवळपास देतो. गावात ज्यांनी ऑटोमॅटिक घेतली आहे त्यांतल्या बऱ्याच गाड्या याच. कार्लच्या गाडीपेक्षा फरक एवढाच की कधी बदलायचा हा निर्णयही आता कॉम्प्युटर घेतो. आणि नेमकी तिथंच लोकांची तक्रार आहे, की गिअर बदलताना गाडी क्षणभर दम खाते आणि मान पुढं डोलते. कारण साधं आहे. गिअर बदलताना मशीन इंजिनाची ताकद तोडतं, पण आपला पाय ॲक्सिलरेटरवर दाबलेलाच असतो. मेबॅकमध्ये पाय ड्रायव्हरनं स्वतः उचललेला असायचा, त्यामुळं धक्का जाणवायचा कमी. आजही जुने एएमटीवाले सांगतात, गिअर बदलायच्या वेळी पाय हलकासा उचल, मान डोलणार नाही. १९३६ साली मेबॅकच्या ड्रायव्हरला हेच करावं लागायचं.

आणि घाट उतरताना दांडा मॅन्युअल मोडला टाकला की निर्णय परत तुमच्या हातात येतो. काही गाड्यांत त्यासाठी स्टिअरिंगच्या मागं दोन छोट्या पट्ट्या असतात. कार्लनं जिथं दिल्या होत्या तिथून जेमतेम वीतभर लांब.

मर्सिडीजनं मेबॅक हे नाव या शतकाच्या सुरुवातीला परत बाहेर काढलं. २०२२ पासून मर्सिडीज-मेबॅक एस ५८० पुण्याजवळ चाकणला जोडली जाते. किंमत जाहीर झाली तेव्हा अडीच कोटी होती. नऊ गिअर आहेत, क्लच नाही, आणि मधल्या कन्सोलवर गिअरचा दांडाही नाही. स्टिअरिंगशेजारी एक छोटीशी दांडी आहे, ती बोटानं खाली केली की गाडी चालायला लागते.